शिकल्याची सूट

कुंडलिक साळवेला लोक खडूस म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. विक्रोळीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात तो दर रविवारी सकाळी सात ते दहा मोटरसायकल चालवायला शिकवायचा. तेही ज्यांना आधीच चालवता येते त्यांना. "तुम्हाला गाडी चालवता येत नाही, फक्त पुढे नेता येते," हे त्याचं पहिल्या रविवारचं पहिलं वाक्य. दहा-दहा वर्षं हायवेवर गाडी हाकलेल्या माणसांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मग कुंडलिक त्यातल्या सगळ्यात फुशारकी मारणाऱ्याला चाळीसच्या वेगाने सरळ यायला सांगायचा, मध्येच हात वर करायचा, आणि गडी ब्रेक मारून जिथे थांबेल तिथे खडूने रेघ ओढायचा. तिसऱ्या रविवारी तोच गडी त्या रेघेच्या सहा-सात पावलं अलीकडे थांबायचा. मग खडूस माणूस एकदम 'साळवे सर' व्हायचा.

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यातली बावीस वर्षं मंत्र्यांच्या ताफ्यापुढे मोटरसायकल चालवण्यात गेली आणि उरलेली नव्या पोरांना ती शिकवण्यात. एवढ्या काळात तो एकदाही पडला नव्हता, आणि हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगायचा. "आमच्या घरात देव नाही, पण ब्रेक आहे," असं त्याची बायको रत्नप्रभा म्हणायची.

निवृत्तीनंतर त्याने हे वर्ग सुरू केले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत सगळे मिळून चार जण आले. त्यातला एक त्याचा भाचा, आणि तो मामीच्या धाकाने. फी नावालाच होती, तरी लोक येईनात. कन्नमवार नगरात कुंडलिकच्या शेजारच्या इमारतीत जयवंत परब राहायचा. कणकवलीकडचा माणूस, वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुटुंब इकडे आलं. जयवंत विम्याचा एजंट. मार्केटपाशी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर त्याचं एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक छत्री, आणि वसाहतीतल्या निम्म्या गाड्यांचे विमे त्याच्याच हातचे. त्याने एकदा रिकामं आवार बघितलं आणि कुंडलिकची कीव केली.

"जीव वाचेल म्हणून कोण येत नाय रे," तो म्हणाला. "सूट मिळेल म्हणून येतील."

"कसली सूट?"

"विम्यात. शिकलेल्या माणसाला कमी हप्ता. कंपनीची स्कीम आहे. तू सर्टिफिकेट दे, पुढचं माझ्यावर सोड."

आता इथे सांगायला हवं. विद्यार्थ्याच्या गाडीच्या टायरमधली हवा स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय त्याला आवारात न घेणारा हा माणूस. 'समोरचा थांबेल असं धरून चालू नका' हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणणारा. त्याने जयवंतला एकदाही विचारलं नाही की स्कीमचा कागद दाखव. रत्नप्रभाने विचारलं, "अहो, कागद बघितलात का?" तर तिच्यावरच डाफरला. कारण त्याला ते खरं हवं होतं. बत्तीस वर्षं तो न पडता चालवत आला आणि त्याची कुणी कुठे नोंद घेतली नव्हती. न झालेल्या अपघाताची नोंद कोण घेणार? आणि आता एक कंपनी म्हणत होती की बाबा रे, तू शिकवलेला माणूस आम्हाला स्वस्त पडतो. त्या दिवशी कुंडलिक घरी आला तो छाती पुढे काढूनच.

पिवळ्या कागदावर पत्रक छापलं गेलं. वर कुंडलिकचा गणवेशातला फोटो, खाली ठळक अक्षरात: 'साळवे सरांचं प्रशिक्षण घ्या, गाडीचा विमा स्वस्त करा.' त्याखाली त्याची सही. आणि खरोखर माणसं आली. तीन रविवार घाम गाळून, सर्टिफिकेट घेऊन जयवंतच्या टेबलावर गेली आणि तीन-साडेतीनशे रुपये कमी हप्त्याची पावती घेऊन परतली. पावती काय खोटं बोलते? एकाने दुसऱ्याला सांगितलं. भांडुप, मुलुंड, घाटकोपरहून पोरं येऊ लागली. सहा वर्षांत कुंडलिकच्या वहीत दोनशे बारा नावं झाली, आणि त्या दोनशे बारांपैकी एकाच्याही हाताला प्लास्टर लागलं नाही.

त्यातलं एकशे अठ्ठावन्नावं नाव प्रीतम खरात.

प्रीतम लिफ्टचा मेकॅनिक होता. अंधेरी, पवई, मुलुंडच्या उंच इमारतींमधून दिवसभर गाडीवर फिरायचा. वय एकतीस. मूळचा जालन्याकडचा, विक्रोळीत भाड्याच्या खोलीत राहायचा. बायको दर्शना घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर होती, मुलगी निधी नुकती पहिलीत गेलेली. हा एकच विद्यार्थी असा की त्याने तीन रविवार संपल्यावर पुन्हा फी भरून तीन रविवार केले. "अडथळ्याकडे बघू नका, मोकळ्या जागेकडे बघा, गाडी नजरेच्या मागे जाते," हे कुंडलिक सगळ्यांना सांगायचा. समजायचं सगळ्यांना, जमायचं थोड्यांना. प्रीतमला ते अंगात भिनलं होतं. कुंडलिकने त्याचं कधी तोंडावर कौतुक केलं नाही. घरी मात्र रत्नप्रभाला सांगितलं होतं, "हा पोरगा माझ्यापेक्षा चांगला चालवतो."

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, मुलुंडहून येताना विक्रोळीच्या अलीकडे हायवेवर एक माणूस दुभाजकावरून उडी मारून सरळ प्रीतमच्या गाडीपुढे आला. प्रीतमने ब्रेक दाबला, माणसाकडे न बघता त्याच्या डावीकडच्या फटीकडे बघितलं आणि गाडी त्या फटीतून काढली. माणसाला धक्काही लागला नाही. फटीच्या पलीकडे रस्त्याच्या कामाचा सिमेंटचा एक ठोकळा पडून होता, त्याला ना पट्टा ना दिवा. गाडी त्यावर आदळली आणि प्रीतम जागच्या जागी गेला. घाबरून खाली बसलेला तो माणूस उठला, त्याने पँट झटकली आणि गर्दीत निघून गेला. तो कोण होता ते कधीच कळलं नाही. जवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं होतं. कुंडलिकने ते मोबाइलवर मिळवलं आणि अकरा वेळा बघितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वसाहतीतल्या बुद्धविहारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंडलिकला बोलायला उभं केलं. पोलिसातला माणूस, त्याला भाषणाची सवय नव्हती. तो म्हणाला, "मी शिकवलं तस्संच्या तस्सं प्रीतमने केलं. माणसाकडे बघितलं नाही, मोकळ्या जागेकडे बघितलं. म्हणून कुणाचा तरी मुलगा आज घरी आहे." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण समोर भिंतीला टेकून दर्शना बसली होती, मांडीवर निधी झोपलेली, आणि शेजारी गावाहून आलेले सासरे. ते सुनेला आणि नातीला गावी न्यायला आले होते, खोली सोडायची म्हणत होते. दर्शनाला जायचं नव्हतं. तिची नोकरी इथे होती, निधीची शाळा इथे होती, पण तिच्या पगारात खोलीचं भाडं भागवून खायला काय उरणार हा प्रश्न होता. कुंडलिकला राहवलं नाही.

"दर्शना, तू कुठे जायचं नाहीस," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "गाडीच्या विम्यात मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. आणि प्रीतम तर शिकलेला चालक. त्याच्या बाबतीत कंपनी एक शब्द काढणार नाही. ही माझी जबाबदारी."

कार्यक्रम संपल्यावर सासरे त्याच्यापाशी आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या लेकराला हितंच." आणि एकटेच गावी परत गेले.

कुंडलिकने स्वतः फॉर्म भरला. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, लायसन्स, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती काढल्या, आणि कुणी मागितलं नसताना प्रशिक्षणाच्या सर्टिफिकेटची प्रत सगळ्यात वर लावली. दर्शना दर चार दिवसांनी फोन करायची. "सर, काही आलं का?" तो म्हणायचा, "येईल, सरकारी काम नाही हे." सात आठवड्यांनी पत्र आलं. दोन ओळींचं. सदर पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा समाविष्ट नाही, सबब दावा विचारात घेता येत नाही.

"चूक झालीय त्यांची," कुंडलिक दर्शनाला म्हणाला. "उद्या रजा टाक. आपण जाऊन येऊ."

कंपनीचं ऑफिस अंधेरीला चकाल्यात होतं. थंडगार, स्वच्छ, आणि पाण्याची बाटली आपणहून पुढे करणारं. त्यांना चेतना नावाची एक तरुण अधिकारी भेटली. वाईट मुलगी नव्हती. कुंडलिक तिच्यावर चिडायच्या तयारीने गेला होता, पण तिने आधी दर्शनाला बसायला खुर्ची दिली आणि मग पत्र हातात घेतलं, त्यामुळे त्याला आवाज चढवता येईना. त्याने पिशवीतून वही काढली, दोनशे बारा नावांची. सर्टिफिकेट काढलं. स्कीमबद्दल सांगितलं.

चेतनाने सगळं ऐकून घेतलं. "कुठली स्कीम, सर?"

"शिकलेल्या चालकाला सूट. तुमच्याच कंपनीची."

तिने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हा आमचा फॉर्म. गाडीचा नंबर, इंजिन किती सीसीचं, कुठल्या साली घेतली, मागच्या वर्षी दावा केला होता का. यात चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा रकानाच नाहीये, सर. भरायचं म्हटलं तरी कुठे भरणार?"

कुंडलिकने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. तिथे गाडीचा रंगसुद्धा विचारला होता.

"थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, दर तर सरकार ठरवून देतं," चेतना म्हणाली. "तो पहिल्यांदा चालवणाऱ्यालाही तेवढाच आणि तुम्हालाही तेवढाच."

"मग साडेतीनशे रुपये कमी कसे झाले? पावती आहे माझ्याकडे."

तिने काही तरी उघडलं, वाचलं, आणि बोलण्याआधी एकदा दर्शनाकडे बघितलं. "वैयक्तिक अपघाताचा विमा काढून टाकलाय म्हणून. मालकाकडे दुसरीकडे पंधरा लाखांचा अपघात विमा असेल तर गाडीबरोबर पुन्हा घ्यावा लागत नाही. तसं घोषणापत्र द्यावं लागतं. ते दिलेलं आहे."

"प्रीतमने? दुसरीकडे कुठे विमा होता त्याचा?"

"ते मला माहीत नाही, सर. चौदा मार्चला संध्याकाळी आठ बाराला ओटीपीने मंजूर झालंय. मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे चार, सात, एक."

"माझा नंबर आहे तो," दर्शना म्हणाली.

दर्शना टेबलाकडे बघत सांगू लागली, जणू तिच्याकडे कुणी जबाब मागितला होता. "लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते ना, म्हणून तो सगळीकडे माझाच नंबर द्यायचा. मी भाकऱ्या थापत होते. परब काकांचा फोन आला, ओटीपी आलाय तो सांग गं म्हणाले. मी पिठाच्या हातांनी फोन बघितला आणि सांगितला." ती थांबली. "मीच सांगितला."

"दर्शना, तुझा काय दोष त्यात," कुंडलिक म्हणाला. पण त्याच्या आवाजात जीव नव्हता, आणि ती ऐकतही नव्हती. परतीच्या बसमध्ये तिने तोच आकडा दोनदा पुटपुटला, चार-सात-एक, चार-सात-एक. कुंडलिकच्या मांडीवर वही होती आणि पवई येईपर्यंत ती वही कुठे ठेवावी हेच त्याला कळत नव्हतं.

तो घरी गेला नाही, तडक जयवंतच्या टेबलावर गेला. जयवंतने त्याचा चेहरा बघितला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं.

"स्कीम दाखव," कुंडलिक म्हणाला.

जयवंतने लॅपटॉप मिटला. "बस तरी."

"स्कीम दाखव, जयवंत."

"नाय आहे." जयवंतने इकडेतिकडे बघितलं. "नव्हतीच कधी. अरे, पहिली दोन वर्षं मी माझ्या कमिशनातून देत होतो. कुठला एजंट देत नाय? गिऱ्हाईक धरायला सगळेच देतात. मी फक्त त्याला तुझ्या सर्टिफिकेटचं नाव दिलं. तुझा वर्ग भरावा म्हणून दिलं रे! चार टाळकी यायची तुझ्याकडे, आठव."

"आणि मग?"

"मग पोरं वाढली. एवढ्यांना खिशातून कुठून देऊ? बंद केलं असतं तर तुझा वर्गही बसला असता. तर फॉर्ममध्ये ती एक खूण असते, दुसरीकडे विमा आहे म्हणून. ती केली की तेवढेच पैसे कमी होतात."

"सगळ्यांना?"

जयवंतने मान खाली घातली.

"सगळ्यांना, जयवंत?"

"तुझ्याकडून आलेल्या सगळ्यांना." आणि मग तो एकदम उसळला, जणू अन्याय त्याच्यावरच झाला होता. "अरे, तुझी पोरं पडतच नव्हती! सहा वर्षांत एक दावा नाय. एक! बाकीच्या गिऱ्हाइकांना मी हात लावला नाय, त्यांना सगळं पूर्ण दिलं. म्हटलं ह्यांना काय गरज, ह्यांना साळव्याने शिकवलंय. खरा सांगतंय तुका कुंडलिका, माझा विमा कंपनीपेक्षा तुझ्यावर जास्त भरवसा होता."

कुंडलिकने त्याची कॉलर धरली. झेरॉक्सवाला दुकानातून बाहेर आला, रस्त्यावरचे दोघे थांबले. जयवंतने सोडवून घ्यायची धडपडही केली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मालवणीत आईला हाका मारत होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुंडलिकने अट्टल चोरांच्या कानफटात वाजवली होती. पण हात उचलायला समोर चोर लागतो. इथे तर एक माणूस होता ज्याने त्याच्या शिकवण्यावर त्याच्याहूनही जास्त विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासापायी दोनशे बारा घरं उघडी केली होती. कुंडलिकने कॉलर सोडली. सगळ्यात वाईट हे की ऐकताना त्याच्या मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, एक क्षणभर, बरं वाटलं होतं. त्या क्षणाची त्याला इतकी शरम वाटली की घराचे जिने चढताना तो दोन मजले थांबत थांबत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने जयवंतकडून सगळं लिहून घेतलं. मीच खूण केली, खरातांना काही सांगितलं नाही. खाली स्वतःचंही जोडलं: माझ्या सहीच्या पत्रकावरून लोक फसले. तो कागद घेऊन पुन्हा चकाल्याला गेला. चेतनाने कागद वाचला, आत वरिष्ठांना दाखवून आली आणि अर्ध्या तासाने परतली.

"सर, याने एजंटवर कारवाई होईल. पण पैसे मिळणार नाहीत. त्या विम्याचा हप्ताच कंपनीकडे आलेला नाही. जे विकत घेतलंच नाही ते कसं देणार?" ती जरा घुटमळली. "तुम्ही विमा लोकपालांकडे तक्रार करू शकता. करा. पण मॅडमना त्या आशेवर ठेवू नका."

वकिलानेही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. जयवंतचं लायसन्स गेलं, टेबल गेलं. त्याची बायको दर्शनाच्या दारात एक पाकीट घेऊन गेली होती, ते दर्शनाने घेतलं नाही म्हणतात. कुंडलिकने खात्री केली नाही. दर्शनाच्या दारात जायला त्याचे पाय उचलत नव्हते.

मग त्याने वही उघडली आणि पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. रोज सकाळी पंधरा-वीस. मी साळवे बोलतोय, तुझ्या विम्यात अपघाताचा भाग नाही, आज जाऊन तो घे, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. 'मी तुला चुकीचं सांगितलं होतं' हे वाक्य त्याने दोनशे अकरा वेळा म्हटलं. काहींनी शिव्या घातल्या, त्या त्याने ऐकून घेतल्या. बऱ्याच जणांनी 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवला. आणि निदान तीस जणांनी सगळं नीट ऐकून घेऊन विचारलं, "म्हणजे सर, आता सूट बंद का?"

रविवारी आवारात दोघेच आले. कुंडलिकने त्यांची फी परत केली आणि फाटकाला कुलूप लावलं.

दर्शनाने जानेवारीपर्यंत तग धरला. दवाखान्यात दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंतची जादा पाळी मागून घेतली, निधीला शेजारणीकडे ठेवू लागली. मग शेजारीण घाटकोपरला राहायला गेली. भाडं दोन महिने थकलं. सासऱ्यांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी त्यांना थांबवायला कुणी भाषण केलं नाही.

ज्या सकाळी सामान निघायचं होतं त्या सकाळी कुंडलिक गेला. रत्नप्रभाने हाताला धरूनच बाहेर काढलं. "तोंड दाखवून या. एवढं तरी करा," ती म्हणाली. खाली गावाकडचा टेम्पो उभा होता. एक कपाट, दोन गाद्या, शिलाई मशीन, निधीची तीन चाकांची सायकल. संसार म्हटला तर टेम्पो अर्धासुद्धा भरला नव्हता. सासरे दोरी बांधत होते. निधी पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवायला मिळतो का बघत होती.

दर्शना खोलीला कुलूप लावून खाली आली. कुंडलिकने घरून येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"सर, एक विचारू?" तीच म्हणाली. "खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही त्याला शिकवलं नसतं तर?"

असं कुणाला सांगता येतं का, ज्याची त्याची वेळ असते, असलं काही तरी म्हणून सुटता आलं असतं. माणसं म्हणतातच. पण या मुलीला त्याने एकदा दिलासा देऊन बघितला होता, आणि त्याची किंमत समोर टेम्पोत भरलेली होती. आणि उत्तर तर त्याला माहीत होतं. अकरा वेळा बघितलं होतं. गाडीचा वेग, माणसाचं अंतर, ब्रेक कुठे लागला, सगळं. या शहरात हे इतकं नेमकं सांगू शकणारी माणसं किती असतील? त्यातला तो एक होता.

"तर तो घाबरला असता," कुंडलिक म्हणाला. "नजर त्या माणसावरच राहिली असती आणि सरळ त्याच्यावर गेला असता. तोवर वेग निम्म्यावर आला होता. प्रीतम पडला असता. मनगट मोडलं असतं. फार तर खांद्याचं हाड."

"आणि तो माणूस?"

"तो बहुतेक वाचला नसता."

"मग त्याच्या घरच्यांना काही मिळालं असतं?"

"मिळालं असतं. थर्ड पार्टी चालू होती. कोर्टाने ठरवलं असतं तेवढं सगळं कंपनीला द्यावं लागलं असतं."

दर्शनाने मान हलवली. काउंटरवर पेशंटचं नाव-गाव ऐकून घेताना हलवायची तशीच. "म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांचा विमा होता," ती म्हणाली. "त्याचा सोडून."

"हो."

तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. ती पुढे गेली, निधीला उचलून मांडीवर घेतलं आणि दार ओढून घेतलं. सासऱ्यांनी दोरीची शेवटची गाठ मारली, हात धोतराला पुसले आणि ते कुंडलिककडे आले. त्यांना ओटीपी काय असतो ते ठाऊक नव्हतं, फॉर्ममधली ती खूण ठाऊक नव्हती. एवढंच ठाऊक होतं की मुंबईच्या कंपनीने पैसे दिले नाहीत, आणि हा एक पोलिसातला माणूस सुनेसाठी दोन-दोनदा त्या कंपनीत भांडायला गेला होता. त्यांनी वाकून कुंडलिकचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"लई केलं सर तुमी आमच्या लेकरासाठी," म्हातारा म्हणाला. "तुमचे उपकार न्हाई फिटायचे."

कुंडलिकला हात सोडवून घेता येईनात.